कामाचे तास कुणी मोजायचे?

सोलापूर

चि. रेणुका,
अनेक आशीर्वाद.

काल म्हणालीस, "आई, घरूनच तर काम आहे, तासांचं काय घेऊन बसलीस?" फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

तुझे आजोबा इथल्या जुन्या मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत होते. १८७७ला ती मिल सुरू झाली तेव्हा मोठ्या माणसानं किती तास राबायचं याला कायद्याची हद्दच नव्हती. १८८४ला मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागणं काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार. रविवार मिळायला १८९० उजाडलं. तुझ्या वीकेंडातला निम्मा त्यांचा आहे.

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. अंधार पडला म्हणून काम थांबवायचं कारणच उरलं नाही, मुंबईत चौदा-चौदा तास माग चालू राहिले. १९११च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषांना १२ तासांची हद्द घातली. १९२२ला ११ झाले, १९३४ला १०. बाबासाहेबांनी मजूर खातं सांभाळताना मांडलेल्या दुरुस्तीनं १९४६ला ९ तास आणि आठवड्याला ४८. तीन तास कमी व्हायला ३५ वर्षं!

पण हे सगळं फाटकाच्या आत. मी विड्या वळल्या त्या घरी. १९६६च्या विडी कामगार कायद्यानं घरी वळणारीलाही कामगार मानलं, तासांची मर्यादा मात्र कारखान्याच्या जागेपुरतीच ठेवली. मजुरी हजार विड्यांवर, मग तास मोजतंय कोण? रात्री पानं भिजवायची, पहाटे कात्रीनं कापायची, तुझी शाळा, स्वयंपाक, आणि जरा मोकळं झालं की सूप मांडीवर. नेऊन दिल्यावर तपासणारा मूठभर खराब म्हणून बाजूला काढणार, तेवढी मजुरी बुडाली. शेजारणी वर म्हणायच्या, बरंय बाई, घरबसल्या पैसे.

तुझे बाबा आजही यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. तिथं कायदा विचारायची सोय नाही. तुला आहे. लॅपटॉप कधी उघडलास, कधी मिटलास, वहीत लिहीत जा. साहेबाला लगेच दाखवू नकोस. आधी बरोबरच्या चार-पाच जणींनाही लिहायला लाव, मग सगळ्या मिळून जा.

तुझी,
आई