मिग द्या हो साहेब, पण उसना द्या : संरक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षण मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय, तुमच्या ऑफिसात कुणीतरी मराठी माणूस असेलच तो वाचून सांगेल. मी ओझरचा. ओझर म्हणजे नाशिकजवळचं, गणपतीचं ते ओझर नाही. आमच्याकडे एसटीच्या पाटीवर ‘ओझर मिग’ असं लिहिलेलं असायचं, गावाच्या नावात विमान असलेलं गाव देशात दुसरं असेल तर मला तरी माहीत नाही. आमचे आण्णा तिथल्या एचएएलच्या, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, कारखान्यात फिटर होते, १९७४ ला लागले, आधी मिग-२१ या लढाऊ विमानाचा एम आणि मग बीआयएस हा प्रकार, आयुष्यभर तेच, रिव्हेट आणि जिग आणि शिफ्टचा भोंगा. त्यांच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती, तिच्यात ते आपला हात लागलेल्या विमानांचे नंबर लिहून ठेवायचे. सगळे सी अक्षराने सुरू होणारे. का लिहायचे विचारलं तर म्हणायचे, अरे पोरींची लग्नं लावून दिली तरी पत्ता ठेवतो ना आपण.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, १९६३ ला आलेलं विमान ६२ वर्षांनी गेलं, तुम्ही स्वतः होतात तिथे. पँथर्स स्क्वाड्रनची शेवटची विमानं उतरली, पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी झाली, मी टीव्हीवर बघत होतो आणि आण्णा नसल्याचं फार जाणवलं. छान झाला कार्यक्रम, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं त्यानंतरचं आहे.

सलामी झाली, फोटो झाले, आता ही विमानं जाणार कुठे? आजवरची पद्धत आपल्याला माहीत आहे. थोडी दिल्लीत पालमच्या म्युझियमला, थोडी एअरफोर्सच्या गेटवर, काही कॉलेजांना, शाळांना, महापालिकांना, कुणी आमदार मागतो म्हणून चौकात, आणि बाकीची भंगारात. एकूण ८७० च्या वर मिग-२१ घेतली आपण, त्यातली साडेसहाशेच्या आसपास एचएएलमध्ये बनली, सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कितीतरी पडली, कितीतरी वैमानिक गेले, ते ‘उडती शवपेटी’ प्रकरण आण्णांच्या फार जिव्हारी लागायचं पण तो विषय वेगळा. उरलेली सगळी जपून ठेवा असं मी म्हणणार नाही, तेवढी जागाही नाही आणि तेवढी गरजही नाही. खरं सांगू का, भंगारात गेलेल्या विमानाचं मला एवढं वाईट वाटत नाही. वितळलं, संपलं. वाईट वाटतं ते चौकातल्या विमानाचं.

एक दाखवतो. शहराचं नाव घेत नाही, कारण तिथल्या लोकांनी कौतुकानेच आणलं होतं, वाजतगाजत, ट्रेलरवर. आण्णा रिटायर झाल्यावर आम्ही एका लग्नाला गेलो होतो तेव्हा ते म्हणाले चल बघून येऊ. खांबावर चढवलेला मिग, नाक वर, जणू टेकऑफ घेतोय. लांबून एकदम भारी. जवळ गेलो तर नाकावरच्या त्या लांब दांडीला, पिटो ट्यूबला, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची सुतळी बांधलेली. हवा ओढायच्या तोंडात कबुतरांचा संसार, शेपटीपर्यंत विष्ठेचे ओघळ. काच पिवळी पडून तडकलेली, आत पावसाचं पाणी साचलेलं, कारण खांब ठोकताना आणि फटी बुजवताना पाणी निघायची भोकंही कुणीतरी सिमेंटसारख्या कशाने तरी बंद केलेली. आणि वरून चंदेरी ऑइलपेंट, म्हणजे घराच्या ग्रिलला देतात तो, त्याखाली सगळे बारीक अक्षरातले शिक्के, सूचना, सगळं गायब. गोल खूण पण उलटी रंगवली होती हो! आपल्या वायुसेनेच्या गोलात केशरी बाहेर आणि हिरवा मध्ये, पेंटरने हिरवा बाहेर घेतला. शेपटीवरचा नंबर तर दिसतच नव्हता, त्यावर पण पेंट. आण्णा बराच वेळ खालून वर बघत राहिले, मग एका पॅनलकडे बोट दाखवून म्हणाले, ही ओळ बघ रिव्हेटची, डोकी फुगलीत, आतून ॲल्युमिनियम सडतंय. आणि मग म्हणाले, चल, जेवायला बसले असतील.

वहीत टिक करता आली नाही त्यांना. नंबरच नव्हता ना.

आता यात चूक कुणाची? महापालिकेची म्हणावी तर त्यांना कुणी शिकवलंय विमान सांभाळायला, त्यांच्याकडे बाग खात्याचा माळी आहे, तो पायथ्याशी शेवंती लावतो आणि ती तरी छान लावलेली होती. चूक देण्याच्या पद्धतीची आहे. आपण विमान ‘देऊन टाकतो’. दिलं की विषय संपला, फाइल बंद. अलीगढच्या विद्यापीठाला २००९ मध्ये वायुसेनेने एक मिग-२३ दिलं होतं, ऑगस्ट २०२० मध्ये ते चक्क ओएलएक्सवर विकायला दिसलं, किंमत ९ कोटी ९९ लाख. विद्यापीठ म्हणालं आमचा काही संबंध नाही, कुणीतरी खोडी काढली, जाहिरात काढून टाकली गेली. लोक हसले, मीम झाले. मीपण हसलो. पण जुन्या स्कूटरच्या आणि सोफासेटच्या मध्ये लढाऊ विमान बघितल्यावर दिलेल्या मालावर मालकाचं लक्ष असतं का नाही हा प्रश्न पडतोच की.

मला जे सुचतंय ते एका शब्दात सांगतो. उसनं द्या. आपल्याकडे लग्नकार्यात शेजाऱ्याची परात आणतो ना, खाली नाव कोरलेलं असतं, कार्य झालं की घासून परत. हरवली तर चार लोकांत विचारतात. तसं. विमानाची मालकी वायुसेनेचीच राहील, समोरच्याला ठराविक वर्षांसाठी करारावर मिळेल, दर वर्षी त्याने फोटो पाठवायचे, दोन-तीन वर्षांनी कुणीतरी जाणता माणूस येऊन बघून जाईल आणि हालत खराब असेल तर विमान परत. ‘परत’ हा शब्द महत्त्वाचा. नुसती नोटीस पाठवून काही होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, अमेरिकेत असंच चालतं. तिथलं मेम्फिस बेल नावाचं बी-१७ बॉम्बर, दुसऱ्या महायुद्धात २५ मोहिमा पूर्ण करून आलेलं, फार गाजलेलं. युद्धानंतर ते ओक्लाहोमाला भंगाराच्या रांगेत उभं होतं, १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ३५० डॉलरला सोडवून आणलं. आणलं आणि उघड्यावर ठेवलं. लोकांनी आठवण म्हणून आतले भाग उचकटून नेले, ऊनपावसाने उरलेलं खाल्लं, म्हणजे आपल्याच चौकातली गोष्ट, फक्त फ्लेक्स नसेल. सत्तरच्या दशकात शहराने ते वायुदलाला परत दिलं, वायुदलाने पुन्हा तिथेच लोनवर ठेवलं, १९८७ ला शहराने त्यावर छप्पर घातलं पण बाजू उघड्याच, पाखरं येतच होती. शेवटी २००५ मध्ये वायुदलाच्या म्युझियमने सांगितलं, पुरे झालं, आणि विमान डेटनला आपल्या म्युझियममध्ये उचलून नेलं. मेम्फिसच्या लोकांना वाईट वाटलं असणारच, साठ वर्षं सांभाळलं होतं त्यांनी त्यांच्या परीने. पण मालकी वायुदलाची होती म्हणून नेता आलं. १३ वर्षं दुरुस्ती चालली, १७ मे २०१८ ला लोकांसाठी खुलं झालं, आता हॉलमध्ये आहे, दिव्याखाली. देऊन टाकलं असतं तर ते आज सांगायलाही उरलं नसतं.

आणि बाहेर द्यायलाही माझी ना नाही बरं का. यावर नेटवर भांडणारे बरेच भेटतात, आपला वारसा परदेशात का म्हणून. त्यांना लिबरेटरची गोष्ट सांगावीशी वाटते. महायुद्ध संपल्यावर ही चार इंजिनांची बॉम्बर विमानं कानपूरला चकेरीला टाकून दिलेली होती, नुसती टाकलेली नाही तर पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडलेली. १९४८ मध्ये एचएएलच्या लोकांनी त्यातली जुळवून जुळवून उडवण्याजोगी केली आणि बेंगळुरूला नेली, कसलेल्या हातांचं काम ते. पुढे आपल्या पुण्याच्या लोहगावला ६ नंबर स्क्वाड्रन त्यांच्यावर समुद्राची टेहळणी करत होती, थेट १९६८ संपेपर्यंत, जेव्हा जगात बाकी सगळीकडे ती केव्हाच वितळवली गेली होती. मग आपण एक ब्रिटनच्या आरएएफ म्युझियमला दिलं, एक कॅनडाला गेलं, एक ॲरिझोनाच्या पिमा म्युझियमला, आणखीही गेली, एक पालमला ठेवलं. जगात जी मोजकी लिबरेटर उरलीत त्यातली बरीचशी आपण सांभाळलेली आहेत, आणि परदेशी म्युझियमांत गेलेली बरीचशी आज छपराखाली उभी आहेत. त्यामुळे कुठे जातंय यापेक्षा कशाखाली उभं राहणार हे विचारा.

छपराचं म्हणाल तर मिग-२१ हे एवढंसं विमान. पंख टोकापासून टोकापर्यंत सात मीटरच्या थोडं वर, लांबी पंधरा मीटरच्या आसपास. तीस बाय साठ फुटाचा पत्र्याचा शेड पुरतो. आमच्याकडे मंगल कार्यालयाचा पार्किंगचा शेड यापेक्षा मोठा असतो. ज्याला शेड बांधणं जमत नाही त्याला विमान देऊ नका, मग तो कितीही मोठा माणूस असो. खांबावर चढवायची तर पद्धतच बंद करा, खांबावरच्या विमानाजवळ कुणी जाऊच शकत नाही, पोरांना दिसतं फक्त पोट.

गोव्याला बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमानांचं म्युझियम आहे, तिथे गेलात तर आवारातलं सुपर कॉन्स्टेलेशन बघा. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग लोहगावला त्याच ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये, मग १९७६ मध्ये नौदलाकडे, एका जन्मात तीन नोकऱ्या. तिथल्या लोकांनी जीव लावून सांभाळलंय, पण समुद्राचं वारं आणि गोव्याचा पावसाळा यांच्यापुढे पेंट किती टिकणार? तेवढ्या मोठ्या विमानाला शेड महाग पडेल मान्य आहे. तरी सांगून ठेवतो.

विक्रांतबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं पण राहवत नाही. १९७१ ला जिच्यावरून सी हॉक आणि अलिझे ही विमानं उडाली ती जुनी विमानवाहू बोट मुंबईत २००१ पासून म्युझियम म्हणून होती, मी शाळेच्या पोरांना घेऊन गेलोय. २०१२ ला सुरक्षिततेच्या कारणाने बंद केली, मग लिलाव, ६० कोटी, २०१४ ला मुंबईतच दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, तोडायला घेतली. जपायचा खर्च कुणी करायचा, या भानगडीत गेली. तिच्या लोखंडाची नंतर मोटारसायकल आली बाजारात, आमच्या चुलतभावाने हौसेने घेतली, दर रविवारी धुतो. चला, तेवढं तरी जपलं जातंय.

तर मिगच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून अजून एक मागणी, आणि ही सगळ्यात स्वस्त आहे. यादी. वायुसेनेने आजवर जेवढी जुनी विमानं दिली, मिग असो, नॅट असो, हंटर असो, त्यांची नंबरवार यादी वेबसाइटवर टाका. कुठला नंबर, कुठे बनला, कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होता, कुणाला कधी दिला, आज कुठे उभा आहे. यात गुपित काही नाही, विमान चौकात उभं आहे, त्याचं काय लपवायचं. यादी नसली की काय होतं बघा, कोलकाता विमानतळावर एअर इंडियाचं एक बोइंग ७३७ तेरा वर्षं उभं होतं आणि कंपनीच्या यादीतूनच ते गळलेलं, विमानतळवाल्यांनी हे घेऊन जा म्हटल्यावर २०२५ मध्ये कळलं की हे आपलं आहे. प्रवासी विमानाचं हे होतं तर शाळेच्या मैदानातल्या नॅटचं काय होत असेल.

आणि विमानासोबत त्याचे कागद जाऊ द्या. प्रत्येक विमानाची जन्मापासूनची नोंद असते, किती तास उडालं, कधी इंजिन बदललं, कुठे ठोकलं गेलं. त्याची एक प्रत पाटीवर लावायला काय हरकत आहे? आत्ता पाटीवर काय असतं, विमानाचं नाव, वेग, आणि उद्घाटन कुणाच्या शुभहस्ते. त्यात शुभहस्तवाल्याचं नाव सगळ्यात मोठं.

लिलावाला काढण्याआधी म्युझियमवाल्यांना तीन महिने आधी कळवा, कुठला नंबर कुठल्या लढाईत होता हे तपासून मगच कटर लावा. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ नी रॉकेट मारली, दोन दिवसांनी शरणागती झाली. त्या दिवशीच्या विमानांपैकी एखादं कुठे उरलंय का, हे देशातल्या एखाद्या पोराला घरबसल्या बघता यायला हवं. आज नाही येत.

ओझरसाठीही मागायचं तर एकच मागतो. ओझरलाच बनलेलं एक बीआयएस, इथेच, शेडमध्ये, जमिनीवर, उसनं. ऑइलपेंट नको. शिडी असली तर बरं, पोरं आत डोकावतील. कारखान्यातले जुने लोक अजून आहेत, सत्तरी-ऐंशीचे, त्यांना विचाराल तर फुकट येऊन रिव्हेट तपासतील आणि वर चहा पण स्वतःच्या पैशाने पितील.

आण्णांची वही माझ्याकडे आहे. पानं पिवळी झालीत पण नंबर वाचता येतात, ४१ आहेत. तुम्ही यादी टाका, मी जुळवत बसतो.

आपला,
ओझर मिगचा एक रहिवासी