साडेचार सुताच्या पान्याबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

मालवणचा डायव्हिंगचा हंगाम सुरू होण्याआधी मी रेग्युलेटर घेऊन आपल्या वर्कशॉपात आलो, तेव्हा फर्स्ट स्टेजवरच्या (हवेच्या टाकीला जोडायच्या भागावरच्या) होजच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या, नटाचे कोपरे मी स्क्रूपान्याने गोल करून टाकले होते आणि क्रोमचा मुलामा उडून खालचे पितळ उघडे पडले होते. खाऱ्या पाण्यात अशा जागी हिरवा कळंक धरायला वेळ लागत नाही. नवे डायव्हर ज्या उपकरणातून श्वास घेणार, ते मी असे बिघडवले याची मला फार लाज वाटत होती. आपण मात्र एक शब्दही न बोलता कॅलिपर लावून नट मोजलात आणि हे काम मिलिमीटरचे नसून सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आहे, असे समजावून सांगितलेत.

माझा 14 मिमीचा पाना त्या नटावर चढत नव्हता आणि 15 चा सैल पडत होता, याचे कारण मला तेव्हा कळले. कमी दाबाच्या बहुतेक होजांचा नट 9/16 इंच, म्हणजे साडेचार सूत असतो आणि ते माप 14.29 मिमी भरते. टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजच्या जास्त दाबाच्या होजचा नट पाच सुताचा, म्हणून तिथे 16 चा पाना चालून जातो. पण सेकंड स्टेजकडचा (तोंडात धरायच्या भागाकडचा) नट साडेपाच सुताचा असल्याने तिथे 17 चा बसत नाही आणि 18 चा घसरतो. रिंग पाना होजवरून ओवता येत नाही, त्यामुळे उघड्या तोंडाचाच, आणि होज दाटीने लागलेले असल्याने तोंडाला पातळ असलेला पाना घ्यावा, हेही आपणच सुचवलेत.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्यानंतरची. टाकी बंद करून, पर्ज बटण दाबून होजमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय आपण पान्याला हातच लावू दिला नाहीत. सेकंड स्टेज सोडवताना तिच्याकडची जोडणी दुसऱ्या पान्याने धरायला लावलीत, नाहीतर आतले भागही सोबत फिरले असते. हवा ओ-रिंग (आतले रबरी कडे) अडवते, ताकद नव्हे, म्हणून आटे हाताने पूर्ण बसवून पान्याने फक्त हलकेच आवळायचे, हे आपण माझ्या हातून तीनदा करवून घेतलेत. फर्स्ट स्टेजच्या आतले काम मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच द्यावे, असे आपण स्पष्ट बजावलेत, आणि मी तसेच केले.

आपण त्या दिवशी दिलेला साडेचार सुताचा पाना अजून माझ्याकडेच आहे. त्याच मापाचा नवा आता मिळाला आहे, तेव्हा आपला पाना गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून येत्या रविवारी आणून देतो.

आपला कृतज्ञ,
एक डायव्हर