‘सरगुंडे’ परत लिहून दिल्याबद्दल

पेंटर काका,

सा. न. वि. वि. तुम्ही मोबाइल फक्त बोलायपुरता वापरता, त्यामुळे हे तुमची नातच वाचून दाखवेल. तिला सांगा, घाई करू नको.

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत मी चित्र मांडलं. विषय गच्चीवरचं वाळवण. नुसत्या रंगात ते मला नको होतं. आईच्या जुन्या नागपुरी पातळाचा तुकडा, कूलरच्या जुन्या ताटीतली खस, आजीच्या वहीतलं वाळवणाच्या यादीचं पान, सगळं बोर्डावर हवं होतं. याला मिक्स मीडिया म्हणतात, पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्येच चित्रात कागद चिकटवले होते, असं मी आईला ऐकवलं. “मग त्यांच्या आईचं पातळ काप,” ती म्हणाली. शेवटी पदर सोडून आतलं कापड मिळालं.

आणि पहिल्याच रात्री घोळ झाला. दीड बाय दोन फुटांचा हार्डबोर्ड, त्यावर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल, त्यावर थेट आजीचं पान. शाई फुटून निळं डबकं झालं. वाळवणाच्या यादीतल्या ‘सरगुंडे’ या शब्दातले फक्त शेवटचे ‘डे’ उरले. सकाळी पाहते तर बोर्डही पापडासारखा वाकलेला.

तो काखेत मारून मी खाली आले तेव्हा तुम्ही ओट्यावर चहा पीत होता. “काऊन वं पोरी, मांगून काहीच नाही लावलं? एकाच बाजूनं पाणी पाजलं तं वाकीनच ना.” मग चहा थंड होईपर्यंत तुम्ही बोलत राहिलात. पाठीला पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्यायचे, बोर्ड सपाट ठेवून वर पाटा ठेवायचा. वहीच्या पानांची आधी झेरॉक्स काढायची, तिची काळी पूड पाण्यानं फुटत नाही. वर्तमानपत्राचा कागद दोन-चार वर्षांत पिवळा पडतो, म्हणून तोही झेरॉक्स करूनच. खशीत खाऱ्या पाण्याचे क्षार बसलेले असतात, धुऊन सुकवल्याशिवाय तिला गोंद लावायचा नाही. आणि पंचेचाळीस अंशांत ॲक्रिलिक डिशमध्येच साय धरतं, तेव्हा पहाटे बसायचं, रंगाखाली ओलं फडकं ठेवायचं. इतवारीतल्या दुकानांचे बोर्ड रंगवताना तुम्ही हे शिकलात. पुढे फ्लेक्स आलं आणि तुमच्या डब्यांना झाकणं लागली, हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलंत. मीही पुढे विचारलं नाही.

पण पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. डाग खरवडून काढू का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, राहू दे. आजीची वही मागितलीत आणि चष्मा वर करून कितीतरी वेळ नुसती पाहत बसलात. “आजीचा ‘र’ उडते वं, पाय टेकतच नाही.” मग डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं, आणि बारक्या ब्रशनं त्या निळ्या डबक्यावर तुम्ही ‘सरगुं’ लिहिलंत. तुमचं बोर्डावरचं ठसठशीत अक्षर नव्हे, तिचं. तुमचं आणि तिचं कुठे जुळतं ते मी अजून बोटानं शोधते. सापडत नाही.

बाकी एकाही ठिकाणी तुम्ही ब्रश लावला नाहीत. डाव्या कोपऱ्यातला पिवळा रंग भडक आहे हे तुम्हाला दिसलं होतं, मला माहीत आहे.

चित्र आता पुढच्या खोलीत लागलंय. तुम्ही म्हणालात तसं काचेआड लाकडी पट्टी टाकून अंतर ठेवलं, खस दबत नाही. रविवारी जेवायला या. सरगुंडे आहेत, आमरस आहे. फक्त आईसमोर पातळाचा विषय काढू नका.

तुमची,
वरच्या माळ्यावरची