दिव्यांची हजेरी

घणसोली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंद्या,

तुझा फोन आला तेव्हा मी तुर्भ्यात मामांच्या गोडाऊनमध्ये दोन रॅकच्या मधे पालथा पडलो होतो, हातात मल्टिमीटर. म्हणून उचलला नाही. रागावू नकोस, सगळं सविस्तर लिहितो.

मामांचा औषधांचा होलसेल धंदा तुला माहीतच आहे. २४० खण. बिल फाडलं की ज्या खणातून माल काढायचा तिथला दिवा लागायला हवा, म्हणजे नवी पोरं सारख्या नावाच्या गोळ्यांत घोळ घालणार नाहीत. वायर ओढायची नाही, कारण मामा उठसूट रॅक हलवतात. आणि वर तंबी: "सेल बदलायला मी वेगळा माणूस ठेवू का रे?"

मी आधी सरळ विचार केला. प्रत्येक खणाला एक डबी, तिच्यात एनआरएफ२४ची रेडिओ चिप, बटण सेल, लाल एलईडी. हाक मारली की डबीने "पोचलं" म्हणायचं. पण त्या हाकेसाठी कान सतत उघडा ठेवला तर चिप सुमारे १३ मिलिअँपिअर खाते. सीआर२०३२ सेलमध्ये असतात साधारण २२० मिलिअँपिअर-तास. सतरा तासांत खलास! बोलण्यापेक्षा ऐकणं महाग पडतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. (बायको म्हणाली, तिला हे लग्नापासून माहीत आहे.)

मग सगळं उलटं केलं. आता मधला कंट्रोलर रेडिओवरून सगळ्या डब्यांसाठी दर सेकंदाला माहितीचं एकच पाकीट फेकतो. त्यात ३२ बाइट मावतात. ३० बाइटचे २४० बिट, खणामागे एक, दिवा हवा की नको एवढंच सांगणारा, म्हणजे अख्ख्या गोडाऊनची हजेरी, उरलेले दोन बाइट अनुक्रमांकाला. डबी सेकंदातून दोन मिलिसेकंद जागी होते, आपला बिट बघते, झोपते. उत्तर कुणीच देत नाही. एखादं पाकीट हुकलं तर पुढच्या सेकंदाला तीच हजेरी पुन्हा येतेच. "लाव", "विझव" असले हुकूम पाठवले असते तर एक हुकला की दिवा चुकीचाच राहिला असता.

वेळ मात्र जुळायला हवी. घड्याळातला ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस भाग, चुकतो. दोन्हीकडची चूक धरली तर सेकंदाला ४० मायक्रोसेकंद. म्हणून डबी अर्धा मिलिसेकंद आधी उठते. लागोपाठ दहा पाकिटं हुकली तरी ती वेळेवरच असते. सरासरी खर्च २६ मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे कागदावर अकरा महिने. मामांना तेही कमी वाटले, म्हणून आता दोन पेन्सिल सेल.

गंमत म्हणजे दिवा लागलेला असताना रेडिओपेक्षा तोच जास्त खातो. म्हणून सलग पेटवत नाही, सेकंदाला २० मिलिसेकंद लुकलुकवतो. लांबूनही नजरेत भरतो, उलट जास्तच.

आता पालथं पडण्याचं कारण. खालच्या ओळीतली एक डबी मुकी. सेल नवा, सोल्डरिंग ठीक. वैतागून ती चार बोटं बाजूला सरकवली, आणि लागली की! परत जागेवर ठेवली, गेली. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. लोखंडी रॅकवरून परतलेली लाट सरळ आलेल्या लाटेला नेमकी तिथेच मारत होती. म्हणून आता एका सेकंदाला एक चॅनेल (म्हणजे थोडी वेगळी फ्रिक्वेन्सी), पुढच्याला दुसरा, असे तीन आळीपाळीने. तिन्ही २४७५ मेगाहर्ट्झच्या वर, कारण शेजारच्या ऑफिसांचं वायफाय त्याच्या खाली गजबजलेलं असतं.

८६५ मेगाहर्ट्झवर जायचं का, तिथेही आपल्याकडे लायसन्स लागत नाही, असं तू मागे म्हणाला होतास. लोखंडाच्या जंगलात ते बरं चाललं असतं, कबूल. पण २४० चिपा घेऊन बसलोय, आता मामांना कुठल्या तोंडाने सांगू?

एक गाठ सुटत नाहीये. दोन पोरं एकदम माल काढायला लागली तर कुणाचा दिवा कुठला? दुसरा रंग घ्यावा तर निळ्याला जवळजवळ तीन व्होल्ट लागतात, आणि सेल उतरले की ते मिळत नाहीत. एकाला एकदा लुकलुक आणि दुसऱ्याला दोनदा, असं करू? पण मग खणामागे दोन बिट लागतील आणि पाकीट फुटेल. तू विचार कर. आणि येताना तुझा जुना ऑसिलोस्कोप घेऊन ये, प्रोबसकट. मागच्या वेळी प्रोब विसरला होतास.

तुझा,
बाब्या