रसवंतीवाल्या दादांचे आभार

३० एप्रिल ही दादासाहेब फाळके यांची जयंती. १८७० साली ते आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले, १९४४ साली नाशिकमध्येच गेले. म्हणून या संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीत पडदा लावून सगळ्यांना सिनेमा दाखवतो. यंदा सिनेमा रंगात आला आणि वळवाच्या वाऱ्याने लाइट गेली. मुलं रडवेली झाली, लोक उठू लागले.

तेवढ्यात कोपऱ्यावरचे रसवंतीवाले आले. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनी चरक बंद केला, जनरेटर हातगाडीवर घालून आणला. प्रोजेक्टर जोडण्याआधी साधा बल्ब लावून व्होल्टेज स्थिर आहे ना ते पाहिलं. आवाजाचा त्रास नको म्हणून जनरेटर भिंतीपलीकडे ठेवला. पुढच्या रांगेतल्या एका आजींना खोकला होता. त्यांच्यासाठी बिनबर्फाचा, आलं घातलेला रस स्वतः घेऊन आले. पैसे देऊ लागलो तर पेट्रोलचेही घेतले नाहीत.

दादा, उन्हाळ्यातल्या धंद्यावरच तुमचं वर्ष निघतं, हे आम्हाला ठाऊक आहे. ती कमाई तुम्ही आमच्या मुलांसाठी सोडलीत. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या तुमच्या घरच्यांच्या. वहिनींना आणि मुलांना नक्की घेऊन या.