खोट्या प्रचाराचे धनी कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मतदार खोट्या राजकीय प्रचाराला भुलतात याचे खापर त्यांच्या अज्ञानावर फोडणे सोयीचे असले, तरी ते अर्धसत्य आहे. चांगली शिकलेली माणसेही आपल्या पक्षाला अनुकूल मजकूर पारखून न घेता स्वीकारतात आणि प्रतिकूल मजकुराची मात्र कसून उलटतपासणी करतात. त्यातच एखादे विधान वारंवार कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगाने दाखवले होते.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे का या प्रश्नावरील २०१६ मधील सार्वमतात बाहेर पडण्याच्या समर्थकांनी लाल बसवर रंगवलेला ‘आठवड्याला ३५ कोटी पौंड’ हा आकडा आठवून पाहा; ब्रिटन एवढे पैसे संघाला देतो, असा तो दावा होता. संघाला द्यायच्या रकमेत ब्रिटनला मिळणारी सवलत त्यातून वजा केलेली नव्हती आणि तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानापूर्वीच तो दिशाभूल करणारा ठरवला होता. तरीही खंडनाच्या निमित्ताने तोच आकडा पुन्हा पुन्हा उच्चारला गेला.

जबाबदारीचा मोठा वाटा अर्थातच जाणूनबुजून खोटे पेरणाऱ्या नेत्यांचा. संतापजनक मजकूर पुढे रेटून जाहिरातींचे पैसे कमावणाऱ्या समाजमाध्यम कंपन्या त्यांच्या मागोमाग येतात. पण वृत्तपत्रांनाही हात झटकता येणार नाहीत (स्पष्ट लिहितो, राग नसावा). नेत्याचा खोटा दावा पहिल्या पानावर ठळक मथळ्यात आणि त्याची दुरुस्ती आठवड्याने आतल्या पानाच्या तळाशी चार ओळींत, हा कुठला न्याय? निदान दावा निराधार असल्याचे मथळ्यातच छापावे, एवढी विनंती.

– एक नियमित वाचक