झाडं दिसली, तू दिसला नाहीस

प्रिय ओंकार,

तू अजून बोलत नाहीयेस आणि बोलायला बसलो तर मी परत चढ्या आवाजात जाईन, म्हणून लिहून ठेवतोय. शनिवारी रात्री दारातच ओरडलो, आजीसमोर, समोरच्या काकू पण बाहेर आल्या, ते चुकलंच माझं. पण तुला वाटतंय उशीर झाला म्हणून ओरडलो, तसं नाहीये. अभ्यासिका अकराला बंद होते, त्यात उशीर कसला.

आनंदवलीच्या पुढे, बारदान फाट्याच्या अलीकडे तुझ्या मागे एका गाडीने करकचून ब्रेक मारला आणि तू वळून हात केलास ना, ती गाडी माझी होती. तू वळलास तेव्हा चेहरा दिसला. तुझ्या डोळ्यांवर माझाच हेडलाइट, तुला मी ओळखू येणं शक्यच नव्हतं. सेकंड शिफ्ट करून येत होतो, स्पीड ४५ च्या आसपास, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. त्या रोडची झाडं दिसत होती रे मला, बुंध्यांना पट्टे मारलेत. तू नाही दिसलास. काळी सायकल, काळं जॅकेट, काळी सॅक. ब्रेक लागला तेव्हा माझं पुढचं चाक तुझ्या मडगार्डपासून हातभर होतं.

घरी आलो तर तू मस्त वरणभात कालवत होतास. मग सुटलंच तोंड.

काल रात्री तुम्ही झोपल्यावर तुझं जॅकेट गेटला अडकवलं, शेजारी कंपनीचं सेफ्टी जॅकेट अडकवलं आणि गाडीचा लाइट लावून ती ढकलत गल्लीच्या टोकापासून चालत आलो. कंपनीच्या जॅकेटची पट्टी टोकापासूनच चमकत होती. तुझं जॅकेट आहे हे मला वीस पावलांवर आल्यावर कळलं, ते पण तिथे आहे हे माहीत असून. वीस पावलं म्हणजे माझ्या त्या स्पीडला जेमतेम एक सेकंद.

नुसती पट्टी पण पुरत नाही. तिच्यावर लाइट पडला तरच ती चमकते, आणि जिकडून पडला तिकडेच परत पाठवते. गल्लीतून आडवा कोणी आला तर त्याला काही दिसत नाही, त्याच्यासाठी स्वतःचा लाइटच हवा. पुढच्या लाइटला नऊशे रुपये घातलेस, मागे साधा रिफ्लेक्टर पण नाही, तो पडला तेव्हाच सांगितलं होतं बसव म्हणून. पट्टी घोट्याला बांधली तर अजून बरं, पॅडल मारताना वरखाली होते, लांबूनच कळतं की माणूस सायकल चालवतोय.

लेक्चर देणार नव्हतो, आईनेही बजावलंय. पण नानांचा पाय तू बघितलायस. कांद्याच्या ट्रॉलीला मागे लाइट नव्हता, बस एवढंच झालं होतं.

काल गल्लीत मला आप्पाआजोबांची आठवण आली. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, प्रेसला होते तेव्हा रात्रपाळीला देवळाली गावातून सायकलनेच जायचे. डायनामो टायरला टेकवला की घुर्रर्र आवाज यायचा, त्या आवाजावरून आजी कुकर लावायची. दिवा नसला की पोलीस अडवायचा तेव्हा. मागच्या मडगार्डला खाली वीतभर पांढरा पट्टा, दर दसऱ्याला सायकल पुसून झाली की आप्पा तो पट्टा परत रंगवायचे. डबी मी धरायचो. एकदा सांडली तर काही बोलले नाहीत, उरलेल्या रंगात तेवढा पट्टा पूर्ण केला आणि म्हणाले झालं. मी तुझ्यासाठी असं काही केलं नाही, सायकल घेऊन दिली आणि मोकळा झालो.

तुझ्या कपाटावर महाजन डॉक्टरांचा फोटो आहे, २०१५ ला दोघं भाऊ अख्खी अमेरिका सायकलवर पार करून आले, मला पण अभिमान वाटतो, आपल्या नाशिकचे. पण त्या रॅमला, म्हणजे त्या अमेरिकेच्या शर्यतीला सुद्धा रात्री मागे लाइट लावून गाडी लागतेच, तो नियमच आहे. तुझ्या मागे कोणीच नसतं.

अजून एक, रागावू नको. पुढचा लाइट खाली झुकव, दहा-पंधरा पावलांवर रस्त्यावर पडेल एवढा. वर तोंड असलं की शतपावली करणाऱ्यांना काही दिसत नाही, गुरुवारी आजी गटाराच्या कडेला थबकली ती तुझ्याच लाइटमुळे, तिने मला सांगितलं, तुला नाही सांगणार. तिच्याजवळून जाताना घंटी वाजव, हळू जा. आणि ते इयरफोन, दोन्ही काढ.

दिवसभर अभ्यास करून रात्री सहा किलोमीटर सायकल मारत येतोस, माझ्याच्याने तुझ्या वयात झालं नसतं. हे पण त्या रात्री बोलायला हवं होतं. सायकल बंद कर म्हणत नाहीये मी. फक्त मला दिसत जा.

सीटखाली लाल लाइट लावलाय, तीनदा दाबलं की लुकलुकतो. चार्जिंगची वायर टीव्हीच्या मागे आहे, दर रविवारी लाव. घोट्याच्या पट्ट्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात. त्या गाडीचं आईला सांगू नको, मी पण सांगितलेलं नाही.

बाबा